गुरुवार कुणाचा?

समजा, तुमचा आख्खा आठवडा कुणीतरी एका कागदावर मांडला आहे. कागद एवढा मोठा की जेवणाच्या टेबलावर पसरला तर त्याची दोन टोकं खाली लोंबतात. वरच्या बाजूला सात वार. डावीकडे एकाखाली एक घरातली मोठी माणसं. मधल्या प्रत्येक चौकोनात बारीक, गोल अक्षरात लिहिलंय, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आईच्या ओळीला निळा रंग, बाबाच्या हिरवा, आजीच्या पिवळा, आणि आजोबांच्या तपकिरी. आता या कागदावर बोट फिरवा आणि स्वतःला शोधून काढा. मंगळवारी सकाळी सात वाजता तुम्ही कुठे आहात? शुक्रवारी संध्याकाळी? शोधत राहा, घाई नाही.

तोवर हा कागद करणाऱ्याकडे वळू.

आबांनी अडतीस वर्षं एका शाळेत भूगोल शिकवला, पण भूगोलासाठी त्यांना कुणी ओळखत नसे. त्यांची ओळख होती वेळापत्रकाची. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ते ग्रंथालयामागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेत आणि तिसऱ्या दिवशी असा कागद घेऊन बाहेर येत की मुख्याध्यापकसुद्धा खुर्चीतून उठत. बत्तीस शिक्षक, एकवीस वर्ग, प्रयोगशाळा एकच, तरी कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. मुलं त्यांना 'रकानेमास्तर' म्हणत. आबांना हे ठाऊक नाही असं मुलांना वाटे, आणि आबांना ते आवडतं हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी हाताची खाज काही गेली नाही. त्यांनी कुंड्यांना पाणी घालायचं वेळापत्रक केलं, त्यात दोन झाडं वाळली. न्हाणीघराचं केलं, ते आजीने फाडलं. "घरात माणसं दोन," ती म्हणाली होती, "आणि तुम्हाला आंघोळीचे नंबर लावायचेत!"

मग सहा महिन्यांपूर्वी घरातली माणसं तीन झाली. मुलगा आपली बॅग आणि दोन खोकी घेऊन वरच्या खोलीत राहायला आला. सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेजवळ, दोन खोल्यांत राहू लागली. सून म्हणायचं की नाही हा प्रश्न आबांना पडला होता, पण आजीने तो एका वाक्यात निकालात काढला: "लग्न मोडलंय, माझी जीभ नाही मोडली." आणि नऊ वर्षांची नात, जिला सगळे मुंगी म्हणत कारण ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी पाठीवरून वाहून नेत असे, ती दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे करू लागली.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. मुलीचं कसं करायचं ते दोघांनी मिळून ठरवा, कागदावर लिहा, सह्या करा. न्यायाधीश तो कागद पाहतील आणि मुलीच्या हिताचा असेल तर बहुतेक तसाच मान्य करतील. नाही जमलं, तर मग सुनावणी, साक्षी, वकील, आणि ज्यांनी मुंगीला कधी जेवतानाही पाहिलं नाही असे लोक तिचा आठवडा ठरवतील.

खरं तर सगळं जुळत आलं होतं. मुंगीने आईकडे राहायचं, कारण शाळा तिथून चार पावलांवर. रविवारी दुपारनंतर बाबाकडे. लांबच्या सुट्ट्या निम्म्यानिम्म्या. अडलं होतं ते एका गुरुवारपाशी. मुलाचं चष्म्यांचं दुकान, त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सून जलतरण तलावावर पोहायला शिकवायची, आणि तलाव सफाईसाठी बंद असायचा तोही गुरुवारी. शाळेच्या दिवसांत दोघांनाही मोकळी संध्याकाळ मिळायची ती तेवढीच. गंमत म्हणजे लग्नानंतर एकाच दिवशी सुट्टी मिळावी म्हणून दोघांनी सहा महिने खटपट केली होती, आणि सुनेची सुट्टी बुधवारची गुरुवार झाली त्या दिवशी घरात आइस्क्रीम आणलं होतं. आता त्याच गुरुवारवरून वकिलांची तीन पत्रं इकडून गेली होती आणि चार तिकडून आली होती.

"आणा तो गुरुवार माझ्याकडे," आबा म्हणाले. नियतीने आपल्याला याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं, अशी त्यांची खात्री पटली होती.

त्या गुरुवारी दुपारी सर्वांत आधी आली ती कोर्टआत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण. तीस वर्षं ती कौटुंबिक न्यायालयात कारकून होती. वकील नव्हती, पण नवे वकील आत जायच्या आधी तिच्या टेबलाशी थांबून हळूच विचारून जात. भावंडांत कपाटाच्या वाटणीचं भांडण झालं तेव्हा तिनेच ते मिटवलं होतं, आणि जाताना कपाट स्वतः घेऊन गेली होती.

"दादा, कागद नंतर उलगड," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "आधी मला सांग, ताबा म्हणजे काय?"

आबांनी घसा साफ केला. "ताबा म्हणजे ताबा. प्रयोगशाळेचा ताबा मी दोनदा घेतला होता. चंचुपात्रं चौदा, पैकी फुटकी दोन. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, विषय संपला."

"आणि मुंगीचं काय लिहिणार? दात चोवीस, पैकी हलणारा एक?"

स्वयंपाकघरातून आजीचं हसू ऐकू आलं. आबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"ताबा म्हणजे मालकी नव्हे, हे आधी डोक्यात घे," आत्या म्हणाली. "त्यात दोन गोष्टी असतात आणि लोक त्या एकात कालवतात. एक, मूल रोज झोपतं कुठे. दुसरी, त्याचे मोठे निर्णय कुणी घ्यायचे. शाळा कुठली, ऑपरेशन करायचं का, गाव सोडायचं का. मूल आईकडे झोपतं म्हणून बापाचं तोंड कुणी शिवत नाही. आणि भेट! जो तो म्हणतो, भेट हा माझा हक्क. आमचे एक न्यायाधीश साहेब होते, ते दर खेपेला सांगायचे, हक्क मुलाचा आहे, तुम्ही फक्त तो वेळेवर पोचवा."

"म्हणजे टपाल्यासारखं."

"तुझी अक्कल तिथवर पोचली तरी पुष्कळ."

आबांनी आवाज खाली आणला. "आणि लग्न कुणामुळे मोडलं, हे ते साहेब विचारत नव्हते?" हा प्रश्न त्यांनी सहा महिने गिळून ठेवला होता. उत्तर आपल्या मुलाच्या बाजूने यावं अशी चोरटी आशा होती, आणि तसं येणार नाही अशी दाट शंकाही होती.

"मुलाचा विषय निघाला की आधी मुलाचं हित. बाकीचं त्याला बाधत असेल तरच मोजायचं. तुझा लेक घरी आला की बोलायचा नाही आणि ती बोलायची थांबायची नाही, यात मुंगीचा काय गुन्हा?"

"नाही, गुन्हा नाही. पण मग कायद्यात... आजोबांचं काय?"

"आजोबांचं काय?"

"म्हणजे आजोबांना कायद्याने काही..."

"आजोबांनी चहा ठेवावा," आत्या म्हणाली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. "आणि ऐक. मुंगी शाळेतून आली की 'तुला आई हवी की बाबा' असलं काही तिला विचारायचं नाही. कुणीच नाही. साहेब मुलांशी बोलायचे, पण वेगळ्या खोलीत, इकडच्यातिकडच्या गप्पा मारत. त्यातून त्यांना कळायचं ते कळायचं. निवाड्याचं ओझं त्यांनी मुलाच्या डोक्यावर कधी ठेवलं नाही. कळलं?"

"अगं, मी अडतीस वर्षं शिक्षक होतो."

"म्हणूनच सांगतेय."

अडीचच्या सुमाराला मुलगा वरून खाली आला आणि सून बाहेरून आत आली. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसली. सुनेचे केस ओले होते, सुट्टीच्या दिवशीही. मुलगा स्वतःचाच चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत होता. पहिली पाच मिनिटं दोघं अगदी सभ्यपणे बोलली, म्हणजे एकमेकांशी न बोलता आत्याशी बोलली.

"आत्या, तिला सांग, गुरुवार सोडून काहीही माग."

"आत्या, त्याला सांगा, गुरुवार सोडून माझ्याकडे मागण्यासारखं उरलंय काय?"

"मी दुभाषी नाही," आत्या म्हणाली. "आणि चष्म्याशिवाय मला तुमची तोंडंही नीट दिसत नाहीयेत. दांडी बसवायला दिलाय ना तुझ्या दुकानात? पंधरा दिवस 'उद्या देतो' चाललंय."

"उद्या देतो," मुलगा म्हणाला.

एवढ्यात आबांनी कागद उलगडला.

या क्षणाची त्यांनी रंगीत तालीम केली होती. ते काही बोलले नाहीत, फक्त टेबलाच्या चार कोपऱ्यांशी कागदावर चार पेले ठेवले आणि दोन पावलं मागे सरकले. अडतीस वर्षांची पद्धत त्यांनी याही वेळी सोडली नव्हती: एकेका माणसाची ओळ घ्यायची, त्याचे अडलेले तास आधी काळे करायचे, उरलेल्यांत वाटणी करायची, आणि शेवटी प्रत्येक ओळ दहादा तपासायची. एकही माणूस एका वेळी दोन ठिकाणी नव्हता. गुरुवार इतक्या सहज सुटला की आबांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस पुन्हा तपासतो. आबांनी मात्र आजीकडे जास्तीचं बिस्किट मागितलं होतं.

सून निळ्या ओळीवर वाकली. मुलगा हिरव्या ओळीवर. दोघांची बोटं सोमवारपासून हळूहळू पुढे सरकली आणि एकाच वेळी थांबली. सुनेने मान वर करून मुलाकडे पाहिलं. मुलाने चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं.

"थँक यू," सून म्हणाली.

"तुलाही," मुलगा म्हणाला.

"खरंच म्हणतेय मी. मला वाटलं नव्हतं तू असं..."

"मलाही नव्हतं वाटलं."

आबांना भरून आलं. समुपदेशक बाई हा कागद भिंतीवर लावतील. मग दुसऱ्या शहरातून लोक विचारायला येतील. 'यात माझं काही नाही,' असं म्हणायचं, पण फार जोरात म्हणायचं नाही, एवढंही त्यांनी ठरवून टाकलं.

"पाठ कशी आहे आता?" सुनेने मुलाला विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट.

"बरी आहे. तुझ्या तलावाचं छत गळायचं थांबलं?"

आजी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. आत जावं की हे असंच चालू द्यावं, तिला कळेना.

कोर्टआत्याचं मात्र समाधान होईना. "एका मिनिटात दोन्ही बाजू खूश?" ती म्हणाली. "तीस वर्षांत मी हे एकदाच पाहिलं. तेव्हा दोघांनी दुसऱ्याच कुणाच्या केसचे कागद वाचले होते."

"तू ना, कायम संशयी," आबा म्हणाले. "बघ की, दोघांना पसंत आहे!"

"मला दिसत असतं तर बघितलं असतं. बरं, पेन द्या. मोठ्या अक्षरात मसुदा करते. गुरुवार कुणाकडे लिहू?"

त्याच वेळी दाराची घंटा वाजली आणि शाळेच्या रिक्षातून उतरलेली मुंगी आत आली. पाठीवर दप्तर, हातात डबा, काखेत पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. आईला आणि बाबाला एका टेबलाशी बसलेलं पाहून ती उंबऱ्यावरच थबकली.

"काय झालं?" तिने विचारलं. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही गं," आबा म्हणाले. "ये, बघ. तुझा आठवडा! सगळ्यांना आवडलाय."

मुंगीने ज्वालामुखी आजीच्या हातात दिला आणि खुर्चीवर गुडघे टेकून कागद पाहू लागली. तिने डावीकडचा रकाना वरून खाली वाचला, मग खालून वर.

"माझी ओळ कुठे आहे?"

"अगं वेडे, सगळ्या ओळी तुझ्याच तर आहेत."

"मग मी सापडत का नाहीये मला?"

आबा मायेने हसले. मुलांना तक्ता वाचायला शिकवावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "असं नाही बघायचं. एक वार धर आणि बोट खाली आण. गुरुवार धर."

मुंगीने गुरुवार धरला. "चार ते आठ, मुंगी आईकडे," तिने वाचलं. बोट एक घर खाली आलं. "चार ते आठ, मुंगी बाबाकडे." ती थांबली. मग तिने शनिवारही धरला. "शनिवारी चार ते सहा आईची बॅच. बाबाचं दुकान. आजीचा व्यायाम. आबांचं ग्रंथालय." तिने मान वर केली. "आबा, गुरुवारी मी दोन ठिकाणी आहे. आणि शनिवारी कुठेच नाही."

"शनिवारी जिन्यात," आजी म्हणाली.

आबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांना वीस वर्षांपूर्वीचा एक सोमवार आठवला, जेव्हा सातवीच्या दारात दोन शिक्षक एकदम येऊन उभे राहिले होते आणि आठवीत कुणीच गेलं नव्हतं. आठवीने त्या तासात तीन काचा फोडल्या. तेव्हा आबांनी मुख्याध्यापकांना ठणकावून सांगितलं होतं, "माझ्याकडे एकाही शिक्षकाची तक्रार नाही." खरंच नव्हती. वर्गांना कुणी विचारलंच नव्हतं.

तोवर टेबलाची दोन टोकं पेटली होती.

"म्हणजे तू गुरुवार सोडला नव्हतास!"

"मी? मला वाटलं तू सोडलास!"

"मग थँक यू कशाबद्दल म्हणालास?"

"तू म्हणालीस म्हणून!"

"मी माझं परत घेते."

"घे. मीही घेतलं. आणि पाठ दुखतेय माझी, अजिबात बरी नाहीये."

आजीने ट्रे खाली आपटला. "ती पहाटे पाचला पाण्यात उतरते. आठवड्यात एक संध्याकाळ कोरडी मिळते तिला. दे की सोडून."

"आई, तू माझी आई आहेस की तिची?"

"आज मी गुरुवारची आहे."

आणि आबांना वाटलं होतं की आत्या सुनेची बाजू घेईल, तर ती भलतीकडेच वळली. "मूल सहा रात्री आईकडे झोपणार," ती म्हणाली. "बापाला आठवड्यात एक तरी शाळेचा दिवस नको? रविवारचा बाप म्हणजे नुसता आइस्क्रीमवाला. गृहपाठ घेणारा, ओरडणारा बाप हवा तर गुरुवार त्यालाही हवा."

"आत्या, तुम्हीसुद्धा?" सून म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

मुलाला आत्याचा एवढा आधार मिळाला होता, तेव्हा तो इथेच थांबला असता तर शहाणपणाचं झालं असतं. पण तो आपले चौकोन मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्याचं बोट हिरव्यावरून खाली उतरलं.

"हे तपकिरी काय आहे एवढं? मंगळवार, बुधवार, शुक्रवार..." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आबा, तुमचे तास माझ्या दुप्पट आहेत!"

"ते आपलं सोयीसाठी," आबा पुटपुटले. "तुम्ही दोघं कामात असता..."

"तुम्ही मला माझ्याच मुलीचा बदली शिक्षक केलंत!"

सून उठून त्याच्या बाजूला आली आणि वाकून पाहू लागली. "शुक्रवारी पाच ते सात, भूगोल?" तिने वाचलं. "आबा, ती नऊ वर्षांची आहे."

"नद्या लवकर सुरू केलेल्या बऱ्या," आबा म्हणाले, आणि कागदावरचा एक पेला उगाच सरळ करू लागले.

गेल्या सहा महिन्यांत मुलगा आणि सून प्रथमच टेबलाच्या एका बाजूला उभी होती, आणि दुसऱ्या बाजूला एकटे आबा. आजोबाने आयुष्यभर ज्याची स्वप्नं पाहावीत असं ते दृश्य, फक्त आबा चुकीच्या बाजूला होते. त्या तपकिरी रंगाला त्यांनी स्वतःशीसुद्धा 'सोय' म्हटलं होतं. मुंगीची पिशवी एक दिवस तिकडे जाईल आणि इकडे यायचीच थांबेल, ही भीती त्यांनी दोन तासांच्या चौकोनांत नीट भरून ठेवली होती. अक्षर मात्र सुरेख काढलं होतं.

आणि मग घाबरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून हटाव्यात म्हणून त्यांनी त्या दुसऱ्या कुणावर तरी वळवल्या.

"आपण कशाला भांडायचं?" ते म्हणाले. "तिलाच विचारू. सांग मुंगे, गुरुवारी तुला आई हवी की बाबा?"

कोर्टआत्याने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, इतकं हळू की त्याचाच आवाज मोठा वाटला.

"दादा," ती म्हणाली. एवढंच.

मुंगीने कुणाकडेच पाहिलं नाही. तिचा खालचा ओठ पुढे आला, जसा तो लहानपणी रडण्याआधी यायचा. आबांना आपण वर्गाबाहेर उभं राहावं असं वाटलं. त्यांनी पूर्वी पोरांना याहून फार लहान गुन्ह्यांसाठी तिथे उभं केलं होतं.

"उत्तर नको देऊस," ते म्हणाले. "प्रश्न चुकला माझा. खोडला मी तो. मुंगे, ऐकलंस? खोडला."

मुंगीने नाक वर ओढलं. मग ती खुर्चीवरून उतरली, दप्तर ओढत टेबलापाशी आणलं आणि गणिताच्या वहीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"गुरुवारी चार ते सहा मी कुणाकडेच नाहीये," ती म्हणाली. "फुटबॉलचा सराव आहे. पुढच्या आठवड्यापासून. मला गोलरक्षक केलंय."

"तुला?" मुलगा म्हणाला. "अगं, त्या गोलाच्या वरच्या दांड्याला तुझा हात..."

"उडी मारते मी."

सुनेने कागद हातात घेतला. "फॉर्म उद्यापर्यंत द्यायचाय. कधी मिळाला तुला हा?"

"सोमवारी."

"आणि आज दाखवतेस?"

मुंगीने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तुला दाखवला असता तर गुरुवार तुझा झाला असता," ती म्हणाली. "बाबाला दाखवला असता तर त्याचा. म्हणून मग गणितात ठेवला."

सून खाली बसली. मुलगा उभाच राहिला, पण त्याचा हात सुनेच्या खुर्चीच्या पाठीवर आला आणि तिथेच विसरला गेला. चहावर साय धरली होती. चार दिवस पोरीने एक कागद दप्तरात वागवला होता, आणि तो त्या ज्वालामुखीपेक्षा जड होता, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. आबांच्या सर्वांत शेवटी. ते तेव्हाही वेळापत्रकातला गुरुवारचा चौकोन बघत होते.

"सहानंतर?" सून शेवटी म्हणाली. कुणाकडे न बघता, पण या वेळी आत्याशी नव्हे.

"एकाआड एक?" मुलगा म्हणाला. "एक गुरुवार तुझा, एक माझा. रात्री मुक्काम तिथेच, सकाळी शाळेत सोडायचं ज्याचं त्याने."

"आणि सराव बघायला?"

"मैदान काय कुणाच्या ताब्यात नाही. दोघंही जाऊ. तू त्या टोकाला, मी या टोकाला."

"मी गोलामागे बसणार."

"बस. पहिला गुरुवार तुझा."

"नको, तुझा असू दे."

"अगं, तूच घे..."

"लिहिलं!" आत्या कडाडली. "पहिला बापाचा. आता सभ्यपणावरून भांडलात तर दोघांना कोर्टात उभं करीन. आणि हे काही दगडावर कोरलेलं नाही. पोर मोठी होईल, खेळ बदलेल, दुकान बदलेल, तेव्हा पुन्हा बसायचं आणि पुन्हा लिहायचं. शाळा आणि दवाखाना, निर्णय दोघांनी मिळून. सोमवारी साडेदहाला पोचा. दादा, तू येऊ नकोस."

"मी कशाला येतोय," आबा म्हणाले. ते येणार होते. कोट इस्त्रीला दिला होता. त्यांनी तक्त्यावरचे पेले उचलले, तसा कागद आपोआप गुंडाळला गेला, जणू त्यालाही लाज वाटली होती.

तरीही खोड जात नाही म्हणतात ते खोटं नाही. फॉर्म टेबलावर पडलेला पाहिला आणि आबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "आण इकडे," ते म्हणाले. "मी करून टाकतो सही. असले हजारो फॉर्म हाताखालून गेलेत माझ्या."

मुंगीने फॉर्म अलगद आपल्या बाजूला ओढला.

"आबा, इथे 'पालक' लिहिलंय."

हजारो फॉर्म आबांच्या हाताखालून गेले होते हे खरंच होतं. त्यांतले कितीतरी त्यांनी लाल शाईने शेरा मारून परत पाठवले होते: 'आजोबांची सही चालणार नाही.' त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आजीने त्यांच्यापुढे चहा सरकवला, बिस्किटाशिवाय.

"तू कर," मुलगा सुनेला म्हणाला.

"तू कर. खेळाचं आहे, तुला कळतं."

"शाळा तुझ्याकडून जवळ आहे, तूच..."

"एकच तर रेघ आहे," सून फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली. "दोघांच्या सह्यांना जागाच नाही ठेवलेली."

मुंगीने फॉर्म आपल्याकडे फिरवला. कंपासपेटीतून पट्टी काढली. सहीच्या रेघेची लांबी आधी मोजली, ती सहा सेंटिमीटर भरली. मग जीभ दातांत धरून, तिच्याच खाली, बरोबर सहा सेंटिमीटरची दुसरी रेघ मारली, आणि फॉर्म टेबलाच्या मधोमध सरकवून हात धुवायला निघून गेली.